नाकाची साक्ष

राइली तीनदा गाडी घेऊन आली,
तीनदा मी म्हणालो, काही नाही.
बॉनेट उघडलं, टॉर्च मारला,
चारही इंजेक्टरच्या मुळाशी बोट फिरवलं.
बोट कोरडं.
"जुनी गाडी आहे, राइली. जुन्या गाडीला जुना वास असायचाच."
तिनं हातमोजे चढवले. बोलली नाही.

तिची व्होल्वो एकोणनव्वद सालची,
मागच्या सीटवर टपालाच्या पिशव्या,
केमियार्वीहून वर, जंगलातल्या शेवटच्या घरापर्यंत आणि परत,
रोजचे एकशे चाळीस किलोमीटर.

चौथ्यांदा ती लोकांच्या तक्रारी घेऊन आली.
पेपरला म्हणे पेट्रोलचा वास येतो.
शेवटच्या घरातल्या ओइवानं
पेपर वाचताना पाइप ओढणं सोडलंय.
"म्हातारा म्हणतो, एखाद दिवशी अग्रलेख
खरंच पेट घेईल."

मी हसलो, पण अर्धंच.
दोन हिवाळ्यांपूर्वीच्या तापात माझा वास गेला.
नाक आहे, चष्मा टेकवण्यापुरतं.
कॉफी म्हणजे काळं ऊन पाणी.
सॉनामधली बर्चची पानं नुसती ओली.
आणि पेट्रोल,
ज्याच्या वासावरून मी चाळीस वर्षं
डोळे मिटून बिघाड सांगितले,
ते आता विहिरीच्या पाण्याइतकं सोवळं.
सांगणार कुणाला?
गावात गॅरेज एकच,
आणि गॅरेजला नाक एकच.

त्या रात्री अंथरुणात उठून बसलो.
माझ्या गॅरेजात शेगडी असते.
उबेत रबर फुगतं, फट बुजते.
गाडी माझ्याकडे येते तीच मुळी तापून,
पाहुण्यांसमोरच्या व्रात्य पोरासारखी, हाताची घडी, तोंडावर बोट.
हिला गारठ्यातच गाठायला हवं.

"आज अंगणातच राहू दे. हीटरची वायर लावू नकोस."

पहाटे पाच. उणे एकतीस.
"स्टार्टर नको. किल्ली नुसती अर्धी फिरव."
पंप क्षणभर गुणगुणला.
मी वाकलेला, टॉर्च दातांत.
पहिला कोरडा.
दुसरा कोरडा.
तिसऱ्याच्या गळ्याशी एक थेंब
जमला,
जाड झाला,
खालच्या लोखंडावर पडला.
लगेच दुसरा.

त्या थंडीत मला घाम फुटला.
तीनदा "काही नाही" म्हणून
मी हिला जंगलात धाडलं होतं,
मागे कागदांचा ढीग घेऊन.

गाडी आत ढकलली. बॅटरीची निगेटिव्ह सोडली.
रेलमधला दाब फडक्यात उतरवला.
दोन बोल्ट, मग रेल वर उचलली,
तिला चार इंजेक्टर लटकलेले,
मांजरीला पिल्लं लुचावीत तसे.
तिसऱ्याची ओ-रिंग नखानं दाबली तर कडक,
वाकवली तर मोडली.
बाकीच्या सात अजून धरून होत्या, तरी काढल्या.
एक थकली की उरलेल्याही तिच्याच वयाच्या असतात.
नव्या आठ, हिरव्या, प्रत्येकीला
बोटाच्या टोकानं तेलाचा थेंब.

पुन्हा रात्रभर अंगणात. पुन्हा पहाट.
चारही कोरडे.
पण आता माझ्या बोटावर माझाच भरवसा नव्हता.
राइलीनं बॉनेटखाली डोकं घातलं,
खूप वेळ तशीच राहिली.
"आता खरंच काही नाही," म्हणाली.

तेव्हा बोललो. "राइली, मला वास येत नाही."
"माहीत आहे."
"कसं?"
"ऑक्टोबरात तुझ्याकडचं दूध नासलं होतं.
तू दोन कप कॉफी प्यालास, वर मला आग्रह केलास."
"मग माझ्याकडेच का येत राहिलीस?"
"दुसरं गॅरेज ऐंशी किलोमीटर लांब आहे,"
आणि तिनं बॉनेट आपटलं.

बिलात फक्त रबराचे पैसे लावले.
ओइवाचा पाइप सुरू झाला, असं कळलं.
आता दर गुरुवारी ती पेपर टाकायला येते,
न विचारता माझा फ्रिज उघडते,
दुधाचा डबा हुंगते,
आणि बहुतेक वेळा
परत ठेवते.